मंजुरीचा वेग आणि परतीची वाट

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले तालुक्यात आज हप्त्यावर फ्रीज घेणे फार सोपे झाले आहे. इचलकरंजीत असो, पेठवडगावात असो वा हुपरीत, दुकानातल्या कोपऱ्यातल्या टेबलावर फायनान्स कंपनीचा मुलगा बसलेला असतो. तो आधार आणि पॅन मागतो, मोबाईलवर ओटीपी येतो, पडद्यावर सिबिल दिसते आणि फ्रीजची पावती फाडली जाईपर्यंत कर्ज मंजूर होते. नाही झाले तर तो मान हलवून एवढेच म्हणतो, ‘सिस्टीम घेत नाही.’

या सोयीतून एक मत रूढ झाले आहे. अर्ज भरणे, तपासणे, मंजूर करणे हे सगळे यंत्राकडे सोपवले की पत गरिबाच्या दारात येते, पक्षपात संपतो आणि बुडीतही घटते, असे हे मत सांगते. आता त्याला पुढची शाखा फुटली आहे. पुण्या-मुंबईत रेंटोमोजो, फर्लेंको यांसारख्या कंपन्या पलंग, फ्रीज, धुलाईयंत्र भाड्याने देतात. ही पद्धत तालुक्यांपर्यंत आली की तिथेही हेच यंत्र चालेल, कारण कर्ज काय आणि भाडे काय, माणसाची पत तीच, असे गृहीत धरले जाते.

या मताचा अर्धा भाग खरा आहे. उरलेला अर्धा चुकीचा आहे आणि त्याची किंमत ग्राहक मोजतो. यंत्राला मंजुरीची किती मोकळीक द्यावी, हे त्याच्या वेगावरून ठरत नाही. मंजुरी चुकली तर ग्राहकाला त्या करारातून किती सहज बाहेर पडता येते, यावरून ते ठरायला हवे. परतीची वाट जितकी मोकळी, तितकी यंत्राला मोकळीक, असा या लेखाचा सिद्धान्त आहे.

पूर्वपक्ष

प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या पूर्ण बळानिशी मांडले पाहिजे, कारण ते पोकळ नाही. यंत्राआधीचा काळ काही रामराज्य नव्हते. पतसंस्थेत कर्ज मागायचे तर दोन जामीनदार लागत, त्यातला एक पगारदार हवा असे. संचालकाच्या ओळखीचा माणूस रांगेच्या पुढे जाई. बाईने अर्ज केला तर नवऱ्याची सही मागितली जाई. आडनाव, गल्ली, गट, गेल्या निवडणुकीत कोण कुणाकडे होते, हे सारे कर्जाच्या फायलीत न लिहिताही लिहिलेले असे. यंत्र हे काही विचारत नाही. परगावाहून आलेल्या, इथे कुणी ओळखीचे नसलेल्या माणसालाही ते जामीनदार मागत नाही.

या विचाराला जुना शास्त्रीय आधारही आहे. पतगुणांकाची कल्पना मुळात हप्त्यावरच्या खरेदीतूनच पुढे आली. अमेरिकेत डेव्हिड ड्युरँड यांनी १९४१ साली हप्तेबंद ग्राहक-कर्जांचा संख्याशास्त्रीय अभ्यास केला. नोकरीत किती वर्षे, एका घरात किती वर्षे, बँकेत खाते आहे का, अशा गोष्टींवरून चांगला आणि वाईट ऋणको वेगळा काढता येतो, हे त्यांनी दाखवले. १९५६ मध्ये फेअर आणि आयझॅक यांनी त्याचा धंदा उभा केला. भारतात २००० साली सिबिल स्थापन झाली, २००५ मध्ये पत-माहिती कंपन्यांचा कायदा झाला आणि ३०० ते ९०० मधला एक आकडा माणसाच्या नावाला चिकटला. माणसाच्या लहरीपेक्षा हजारो जुन्या खात्यांवरून काढलेला आकडा बरा, हा युक्तिवाद एका फुंकरीने उडवता येणारा नाही.

खंडन

पहिला मुद्दा वेगाचा. वेग ही ग्राहकाची सोय आहे, असे म्हटले जाते. पण फ्रीज दहा-बारा वर्षे वापरायची वस्तू आहे. मंजुरी दहा मिनिटांऐवजी दोन दिवसांनी आली तर ग्राहकाचे काय बिघडते? बिघडते ते दुकानदाराचे. दोन दिवसांत गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात भाव विचारून येते, घरी बायकोशी, भावाशी बोलते, कधी बेतच रद्द करते. वेगाने या विचाराच्या वेळेवर घाव घातला आहे.

त्या घाईत काय निसटते ते हिशेबाने पाहू. समजा फ्रीजची छापील किंमत २४,००० रुपये आहे आणि रोखीने तोच २२,५०० ला मिळतो. ‘नो कॉस्ट’ योजनेत ३,००० चे आठ हप्ते आहेत, त्यातले दोन आगाऊ. म्हणजे पहिल्याच दिवशी ६,००० गेले. प्रत्यक्षात उसने मिळाले १६,५०० आणि सहा महिन्यांत फेडायचे १८,०००. वरकरणी व्याज शून्य, पण उतरत्या बाकीवर मोजले तर दर वर्षाला सुमारे ३० टक्के पडतो आणि प्रक्रिया शुल्क त्यात अजून धरलेलेच नाही. शून्य टक्के व्याज असे काही अस्तित्वातच नसते, ही भूमिका रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच घेतली आणि बँकांना अशा योजनांबाबत अटकाव केला. तरी दुकानाच्या काचेवरची पाटी काही उतरली नाही.

वेगामुळे कागदच गळतो, याचा पुरावा खुद्द नियामकाने दिला आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने पुण्याच्या बजाज फायनान्सला दोन उत्पादनांखाली नवी कर्जे देण्यापासून रोखले. ग्राहकाला कर्जाचे मुख्य तपशील सांगणारे पत्रक नियमाप्रमाणे दिले जात नव्हते, हे त्यामागचे प्रमुख कारण. बंदी उठली मे २०२४ मध्ये. देशातल्या सर्वांत तरबेज ग्राहक-कर्जदात्यांपैकी एकाकडून जर हा कागद सुटत असेल, तर दोष एका कंपनीपुरता नाही. ज्या पद्धतीत मंजुरी हेच एकमेव मोजमाप असते, तिथे समजावून सांगणे हा अडथळा ठरतो.

दुसरा मुद्दा निःपक्षपातीपणाचा. यंत्र जात विचारत नाही हे खरे, पण ते पगाराची तारीख विचारते आणि एकच उत्तर ओळखते. या तालुक्यात उत्पन्नाची किमान पाच पंचांगे आहेत. इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगाराचा पगार आठवड्याचा. तो पिकावर, म्हणजे विणलेल्या कापडातल्या आडव्या धाग्यांच्या हिशेबाने ठरतो आणि मोठी रक्कम हाती येते ती दिवाळीच्या बोनसला. खर्चीवाल्या, म्हणजे मजुरीवर कापड विणून देणाऱ्या यंत्रमागधारकाचे उत्पन्न व्यापारी बीम कधी देतो आणि मजुरी कधी चुकती करतो त्यावर. हुपरीतल्या चांदी कारागिराला घरी कच्ची चांदी तोलून मिळते आणि दागिना तोलून दिल्यावर मजुरी. दूध उत्पादकाला दर दहा दिवसांनी बिल. उसाच्या शेतकऱ्याला गाळपानंतर. कायद्याने रास्त भाव चौदा दिवसांत मिळायला हवा, आणि तो वेळेत, एकरकमी मिळावा म्हणून याच हातकणंगले मतदारसंघाचे दोनदा खासदार राहिलेले राजू शेट्टी वर्षानुवर्षे रस्त्यावर उतरत आले. महिन्याच्या ठराविक तारखेला पगार खात्यात येतो तो शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या कायम कामगाराचा, शिक्षकाचा, सरकारी नोकराचा. हप्ता मात्र सगळ्यांना महिन्याचा आणि बहुधा पहिल्या आठवड्यातला.

याचा परिणाम काय होतो? मागवाल्याचा हप्ता त्या दिवशी खात्यात पैसे नसल्याने परत जातो. ऐपत नसते असे नव्हे, शनिवारी मिळालेली रोकड खात्यात भरलेली नसते इतकेच. बँक दंड लावते, फायनान्स कंपनी दंड लावते आणि सिबिलचा आकडा घसरतो. जानेवारी २०२५ पासून ही माहिती किमान पंधरवड्याला कळवावी लागते, म्हणजे डाग पूर्वीपेक्षा लवकर पडतो. शिवाय २००७ च्या देयक कायद्याच्या कलम २५ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक आदेश परत जाणे हा चेक न वटण्यासारखाच गुन्हा ठरू शकतो. चार दिवस उशिरा येणाऱ्या मजुरीची ही शिक्षा आहे.

यंत्राची दुसरी आंधळी जागा इतिहासाची. वीस वर्षे गावच्या पतसंस्थेचे कर्ज वेळेत फेडले, पिग्मी एक दिवस चुकवली नाही, भिशीत कधी मागे हटला नाही, मागमालकाची उचल वेळेत वळती केली, तरी यातले जवळजवळ काहीच पत-माहिती कंपन्यांकडे पोचत नाही. असा माणूस यंत्रापुढे कोरा असतो आणि कोऱ्या माणसाला यंत्र एकतर नाकारते किंवा महाग कर्ज देते. ड्युरँडच्या काळापासून घर आणि नोकरी किती स्थिर यावर गुण ठरतात. विजापूर, कलबुर्गी, बिहार, ओडिशातून मागावर आलेला कामगार दर दोन वर्षांनी खोली बदलतो, मालक बदलतो. तो बेभरवशाचा नसतो, त्याचा धंदाच तसा असतो. आडनावाचा पक्षपात गेला खरा, पण त्याच्या जागी उत्पन्नाच्या आकाराचा पक्षपात आला. जुना निदान बोट दाखवता येण्याजोगा होता, या नव्याला चेहरा नाही.

तिसरा मुद्दा बुडीत घटण्याचा. यंत्राची पारख इतकी नेमकी असती तर नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला विनातारण ग्राहक-कर्जांचा जोखीमभार (कर्जामागे राखायच्या भांडवलाचे माप) १०० वरून १२५ टक्क्यांवर न्यावा लागला नसता. आकड्यावर भिस्त ठेवून वाटलेली कर्जे फार वेगाने फुगली, म्हणून तो लगाम होता. परदेशात भाड्याने वस्तू देणाऱ्यांचा अनुभव याहून बोलका आहे. ब्रिटनमधली ब्राइटहाउस ही कंपनी टीव्ही, सोफा, धुलाईयंत्रे आठवड्याच्या भाड्यावर देऊन शेवटी मालकी देत असे. तिथल्या वित्त नियामकाने २०१७ मध्ये तिला सुमारे २ लाख ४९ हजार ग्राहकांना १ कोटी ४८ लाख पौंड परत करायला लावले. ऐपतीची तपासणी पुरेशी केली नाही, हा त्यातला एक दोष. अमेरिकेत दुकानांतून असेच भाडेकरार झटपट मंजूर करणाऱ्या प्रोग्रेसिव्ह लीजिंगने २०२० मध्ये १७ कोटी ५० लाख डॉलर देऊन तडजोड केली. ‘रोखीसारखेच’ असे सांगून विकलेल्या योजनेत अनेकदा ग्राहक छापील किमतीच्या जवळजवळ दुप्पट भरत होते, असा तिथल्या व्यापार आयोगाचा आरोप होता. दोन्हीकडे मंजुरीचे यंत्र व्यवस्थित चालत होते. ते नेमके कशासाठी चालत होते, हा खरा प्रश्न होता.

भाडे आणि कर्ज

सगळ्यात मोठी गफलत इथे आहे. कर्ज आणि भाडे यांना एकच मंजुरी लागू करणे म्हणजे दोन वेगळ्या जोखमा एका काट्यावर तोलणे. कर्जात पैसा गेला की गेला; तो परत येईल का, हे माणसावर अवलंबून. भाड्यात वस्तू मालकाचीच राहते. ती परत येऊ शकते, पुन्हा दुसऱ्याला देता येते. तिथे प्रश्न असा की वस्तू शाबूत परत येईल का, आणि आली तर तिची किती किंमत उरेल.

हा फरक कायद्याने शंभरहून अधिक वर्षांपूर्वीच ओळखला. १८९५ च्या हेल्बी विरुद्ध मॅथ्यूज खटल्यात एका माणसाने पियानो हप्त्यावर घेतला आणि परस्पर गहाण टाकला. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवले की त्याला पियानो कधीही परत करण्याचा अधिकार होता, विकत घेण्याचे बंधन नव्हते. म्हणून तो खरेदीदार ठरत नाही आणि गहाण घेणाऱ्याला मालकी मिळत नाही. निकाल मालकाच्या बाजूने लागला, पण त्याचा पाया ग्राहकाच्या परतीच्या हक्कावर होता.

आपल्याकडे १९७२ च्या भाडेखरेदी कायद्याने हाच हक्क लेखी दिला. कलम १० प्रमाणे भाडेकरू चौदा दिवसांची नोटीस देऊन, थकलेले भाडे भरून आणि वस्तू परत करून करार कधीही संपवू शकत होता. कलम २० प्रमाणे ठराविक हिस्सा भरून झाल्यावर मालकाला कोर्टाशिवाय वस्तू ओढून नेता येत नव्हती. पंधरा हजारांखालच्या व्यवहारात ही मर्यादा निम्म्या किमतीची होती. पण हा कायदा प्रत्यक्ष अमलात आलाच नाही आणि २००५ मध्ये रद्द झाला. १९८२ च्या ४६ व्या घटनादुरुस्तीने भाडेखरेदीवर विक्रीकर लावण्याची वाट मात्र सरकारने मोकळी करून घेतली. सरकारला कर मिळाला, ग्राहकाचा परतीचा हक्क कागदावरच विरला.

आज दुकानात मिळते ते भाडे नाही, कर्ज आहे. फ्रीज पहिल्या दिवसापासून ग्राहकाचा, म्हणून तो परत देऊन सुटता येत नाही. त्याच वेळी हप्त्यावर घेतलेला मोबाईल हप्ता चुकल्यावर दूरवरून कुलूपबंद केल्याच्या तक्रारी होत आल्या आहेत. मालकीचे ओझे ग्राहकाकडे आणि मालकाचा अधिकार सावकाराकडे, अशी ही वाटणी आहे. अशा करारात यंत्राची एक चूक माणसाच्या पाठीला वर्षानुवर्षे चिकटते.

याउलट खऱ्या भाड्याचा धंदा तालुक्यात पूर्वीपासून चालतो. लग्नासाठी मंडप, पातेली, ताटे, ध्वनिवर्धक भाड्याने नेताना कुणाचे सिबिल पाहिले जात नाही. डिपॉझिट घेतात, नेताना ताटे मोजून देतात, आणताना मोजून घेतात, फुटले-तुटले त्याचे पैसे कापतात. माणसाची पारख कमी, वस्तूची मोजणी जास्त. हा धंदा टिकला आहे, कारण चुकीच्या माणसाला दिले तरी नुकसान डिपॉझिटच्या पलीकडे फार जात नाही.

आता आक्षेप येईल: फ्रीज परत घेण्याची मुभा दिली तर लोक दोन वर्षे वापरून जुना डबा परत करतील, भाडे वाढेल आणि शेवटी चांगला ग्राहकच भरडला जाईल. आक्षेप खरा आहे, म्हणून परतीची किंमत आधीच ठरवून करारात लिहायला हवी. डिपॉझिट, महिन्यागणिक घट आणि दुरुस्तीचा खर्च हे सारे आकडे यंत्र उत्तम काढते. माणसाचा पिच्छा पुरवण्याऐवजी वस्तूच्या घटीचा अंदाज बांधणे, हे त्याच्या हातचे काम आहे. मोबाईलसारखी लवकर जुनी होणारी वस्तू या पद्धतीत बसणार नाही. तिला डिपॉझिट जास्त लागेल किंवा ती भाड्याने दिलीच जाणार नाही. सगळे काही सगळ्यांना झटपट मिळाले पाहिजे, हा आग्रह सोडला की ही अडचण उरत नाही.

मंडन

मग यंत्राकडे काय सोपवावे? ओळख पटवणे, कागद जुळवणे, रोख किंमत आणि एकूण देणे समोरासमोर दाखवणे, हे सारे जरूर सोपवावे. हप्त्याचा वारही सोपवावा. यूपीआयच्या स्वयंचलित आदेशात आठवड्याचा, पंधरवड्याचा, महिन्याचा, तिमाहीचा हप्ता लावता येतो. म्हणजे मागवाल्याला शनिवारी, दूधवाल्याला बिलानंतर, ऊसवाल्याला हंगामात हप्ता लावणे तंत्राला अवघड नाही. कंपन्यांना एकच तारीख सोयीची पडते, म्हणून ते होत नाही.

नकार मात्र माणसाने द्यावा, मराठीत, कारणासह आणि दाद मागण्याची जागा दाखवून. रिझर्व्ह बँकेच्या न्याय्य व्यवहार संहितेत बँकांवर नकाराची कारणे लेखी कळवण्याचे बंधन आहे. अमेरिकेत ग्राहक-संरक्षण यंत्रणेने २०२२ मध्ये सांगितले की गणित गुंतागुंतीचे आहे म्हणून कारण न सांगण्याची मुभा मिळत नाही. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्याने पत मोजणारी यंत्रे उच्च जोखमीच्या वर्गात टाकली. आयआयटी मुंबईचे पुष्पक भट्टाचार्य यांच्या अध्यक्षतेखालच्या रिझर्व्ह बँकेच्या समितीने २०२५ च्या अहवालात निर्णय समजण्याजोगा असणे हे सात सूत्रांपैकी एक मानले. ‘सिस्टीम घेत नाही’ हे उत्तर यातल्या कुठल्याच कसोटीला उतरत नाही.

एकूण देण्याला मर्यादा हवी, आणि ती आपल्याला परकी नाही. व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये हा दामदुपटीचा नियम मनुस्मृतीइतका जुना आहे आणि मुंबई इलाख्यातल्या कोर्टांनी तो हिंदू ऋणकोंना लागू केला. ब्रिटनच्या नियामकाने १ एप्रिल २०१९ पासून भाड्याने मिळणाऱ्या घरगुती वस्तूंवर घातलेली मर्यादा नेमकी हीच आहे: उधारीचा खर्च वस्तूच्या किमतीपेक्षा जास्त नको. ब्राइटहाउस पुढल्याच वर्षी दिवाळखोरीत गेली. ज्या धंद्याला दामदुपटीतही तग धरता येत नव्हता, त्याची मंजुरी कितीही झटपट असली तरी ती कुणाच्या हिताची होती, हे वेगळे सांगायला नको.

इथे राज्याचा हात आखूड पडतो, हेही लक्षात घ्यावे. महाराष्ट्राचा २०१४ चा सावकारी कायदा खासगी सावकारासाठी आहे. रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये केरळ आणि गुजरातच्या संदर्भात स्पष्ट केले. म्हणून परतीचा हक्क केंद्राच्या कायद्याने किंवा रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानेच मिळू शकतो.

त्यासाठी दिशा दाखवणारा आदर्शही महाराष्ट्राच्याच मातीतला आहे. १८७५ मध्ये सुप्यापासून दख्खनचे दंगे पेटले आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. कोल्हापूर संस्थान त्या कायद्याबाहेर होते. तो पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या जिल्ह्यांसाठी होता. त्याचे मर्म एवढेच की कोर्टाने दस्तावरच्या अंगठ्यावर थांबू नये, त्यामागचा सगळा व्यवहार उलगडून पाहावा. आज दस्तावर अंगठ्याऐवजी ओटीपी असतो आणि तो एका मिनिटात दिला जातो. म्हणून ओटीपी ही संमतीची सुरुवात मानावी, शेवट नव्हे. २०२५ च्या डिजिटल कर्ज निर्देशांतली किमान एक दिवसाची विचारमुदत त्याच दिशेचे पाऊल आहे, पण फ्रीज घरात लागून दूध गार झाल्यावर एक दिवस कितीसा पुरतो?

तेव्हा भाड्याने वस्तू देण्याचा हा धंदा हातकणंगल्यात जरूर यावा, यंत्रासह यावा. मात्र करारात आधी १९७२ च्या कायद्यातल्या कलम १० सारखी चौदा दिवसांच्या नोटिशीने परतीची वाट लिहावी, परतीची किंमत तक्त्यात मांडावी, एकूण देण्याला दामदुपटीची मर्यादा घालावी. हे झाल्यावर यंत्राने मंजुरी मिनिटात दिली काय नि सेकंदात दिली काय, कुणाची हरकत असण्याचे कारण नाही. हे होत नाही तोवर जितकी मंजुरी झटपट, तितकी ग्राहकाने पावती फाडण्याआधी एकूण देणे हाताने मांडून पाहण्याची गरज जास्त.